मैदानाबाहेरचा नायक

पराक्रमी पुरुषाचा पराक्रम संपल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न वाङ्मयास नवा नाही. भासाच्या ‘ऊरुभंगा’तील दुर्योधन मांड्या मोडून भूमीवर पडतो, आणि पडल्यावरच त्याच्या अंगचे औदार्य प्रकट होते. शेक्सपीअरचा कोरायोलेनस रणांगणात अजिंक्य. पण बाजारात उभे राहून नागरिकांची मते मागावयाची वेळ आली की त्याचा तोल सुटतो. या दोन्ही कृतींत नाटककाराचे लक्ष पराक्रमाकडे नसून पराक्रमानंतर उरणाऱ्या माणसाकडे आहे. आधुनिक काळात या जातीच्या विषयाला खेळाचे क्षेत्र फार सोयीचे आहे, असे आम्हांस वाटते. गवई, वैद्य, वकील अथवा ग्रंथकार यांचे कर्तृत्व ज्या वयात फळाला येऊ लागते, त्या वयात खेळाडू निवृत्त झालेला असतो. पस्तिशीच्या आसपास त्याच्या नावामागे ‘माजी’ हे विशेषण चिकटते, आणि पुढची तीसचाळीस वर्षे त्याने करावयाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

इंग्लंडातील फुटबॉलपटूपुढे या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर असते. त्याने एखाद्या क्लबाचा मॅनेजर व्हावे. ‘मॅनेजर’ या शब्दाने आमच्या वाचकांपुढे गिरणीतील किंवा बँकेतील अधिकारी उभा राहण्याचा संभव आहे, म्हणून थोडा खुलासा केला पाहिजे. आम्ही ज्या काळाविषयी लिहीत आहो, त्या काळी कोणता खेळाडू विकत घ्यावा, कोणाला काढावे, शनिवारच्या सामन्यात अकरा कोण आणि त्यांनी कसे खेळावे, हे सारे मॅनेजर ठरवीत असे. संघ हरत गेला तर नोकरी मात्र प्रथम त्याचीच जाई. आमच्याकडील तालमीच्या वस्तादाशी त्याचे साम्य पुष्कळ आहे. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघच तालमींच्या नावांनी उतरतात, तेव्हा तेथील वाचकास हे साम्य समजावून सांगावयास नको. भेद एवढाच की वस्तादाला तालमीतून सहसा कोणी हाकलून देत नाही; मॅनेजरच्या डोक्यावर डायरेक्टरांचे मंडळ असते, आणि त्या मंडळात बहुधा गावातील पैसेवाले व्यापारी बसलेले असतात.

या विषयावर इंग्रजीत जे कथात्मक लेखन झाले आहे, त्यात डेव्हिड पीस यांची २००६ साली प्रसिद्ध झालेली ‘द डॅम्ड युनायटेड’ ही कादंबरी आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटते. पीस यांचा जन्म १९६७ सालचा, यॉर्कशरमधला. त्या प्रांतातील गुन्हेगारीवर चार कादंबऱ्या आणि १९८४ च्या खाणकामगारांच्या संपावर एक, एवढे लेखन हातून झाल्यावर ते या विषयाकडे वळले. पुढे २०१३ साली त्यांनी ‘रेड ऑर डेड’ या कादंबरीत तोच विषय दुसऱ्या बाजूने हाताळला. दोन्ही कादंबऱ्यांचे नायक खरोखर होऊन गेलेले पुरुष आहेत आणि त्यांची नावे बदललेली नाहीत. येथे आम्ही मुख्यतः पहिल्या कादंबरीचा विचार करणार आहो. दुसरीचा उपयोग तुलनेपुरता.

पहिल्या कादंबरीचा नायक ब्रायन क्लफ. त्याचा जन्म १९३५ साली मिडल्सब्रो येथे झाला. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल, हा त्याच्या खेळाचा हिशेब पाहिला म्हणजे तो कोणत्या दर्जाचा खेळाडू होता हे निराळे सांगण्याची गरज उरत नाही. २६ डिसेंबर १९६२ रोजी संडरलंडच्या मैदानावर बरीच्या संघाविरुद्ध खेळताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि गुडघ्यातील बंध तुटले. मोठ्या खटाटोपाने त्याने पुढे तीन सामने खेळून पाहिले. पण गुडघा पहिल्यासारखा झाला नाही, आणि एकोणतिसाव्या वर्षीच त्याचा खेळ संपला. ऑक्टोबर १९६५ मध्ये तो हार्टलपूल्स युनायटेड या चौथ्या, म्हणजे तळाच्या, श्रेणीतील क्लबाचा मॅनेजर झाला. १९६७ त त्याला दुसऱ्या श्रेणीतील डर्बी कौंटीने बोलाविले. दोन वर्षांत तो क्लब पहिल्या श्रेणीत आला आणि १९७२ त लीगचा विजेता ठरला. ऑक्टोबर १९७३ मध्ये चेअरमनशी बेबनाव होऊन त्याने राजीनामा दिला. मध्ये काही महिने ब्रायटनला काढून जुलै १९७४ च्या अखेरीस तो लीड्स युनायटेडमध्ये गेला, आणि १२ सप्टेंबर रोजी तेथून त्याला निरोप मिळाला. या कारकिर्दीचे दिवस भरले अवघे चव्वेचाळीस, आणि त्याच दिवसांवर ही कादंबरी रचलेली आहे.

लेखकाने संविधानकाचे दोन प्रवाह केले आहेत. एका प्रवाहात लीड्सचे दिवस ओळीने येतात. तेथे क्लफ स्वतः ‘मी’ म्हणून, चालू वर्तमानकाळात, बोलतो. दुसरा प्रवाह गुडघा मोडल्याच्या दिवसापासून निघतो आणि हार्टलपूल्स, डर्बी, ब्रायटन असा वाहत लीड्सच्या दाराशी येऊन पहिल्यास मिळतो. या दुसऱ्या प्रवाहात क्लफला उद्देशून सगळे निवेदन ‘तू’ असे केलेले आहे. तू धावतोस, तू पडतोस, तुला उठता येत नाही, अशा धाटणीने भूतकाळ सांगितला जातो. प्रथमदर्शनी ही नुसती निवेदनाची हिकमत वाटते. नवनव्या हिकमतींचा आम्हांस मोठासा उल्हास नाही. तरीही या ठिकाणी ती विषयाच्या गाभ्यातून निघालेली आहे, असे आम्ही म्हणतो.

मैदानावरील खेळाडूचे व्याकरण प्रथमपुरुषी असते. चेंडू येतो, मी मारतो, गोल होतो. विचार आणि कृती यांच्यामध्ये दुसरा माणूस नसतो. मैदानाबाहेर उभ्या राहिलेल्या मॅनेजरचे व्याकरण आज्ञार्थी आहे. तू इकडे जा, तू त्याला अडव, तू मार. ज्याचे सारे सामर्थ्य स्वतःच्या पायांत होते, त्याला आता दुसऱ्याच्या पायांनी चालावयाचे असते. क्लफ स्वतःच्याच गतायुष्याला ‘तू’ म्हणून हाक मारतो तेव्हा तो जणू आपल्यातील मेलेल्या खेळाडूला मैदानाबाहेरून हुकूम सोडीत असतो, आणि तो खेळाडू तर आता ऐकणार नसतो. इंग्रजीच्या सर्वनामात आदर-अनादराचा भेद नाही. आमच्या ‘तू’ मध्ये देवापासून नोकरापर्यंत सर्वांना पुरेल एवढी माया आणि तेवढाच तिरस्कार भरलेला आहे. मराठी वाचक ही पाने मनातल्या मनात मराठीत आणील तर त्याला मूळ इंग्रजी वाचकापेक्षाही अधिक काही ऐकू येईल.

लीड्सच्या प्रवाहात लेखकाचे बळ निराळे आहे. लीड्स हा पडका क्लब नव्हे. १९७४ त तो लीगचा विजेता होता. डॉन रेव्ही याने तेरा वर्षे खपून तो घडविला होता, आणि रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर म्हणून गेल्यावर त्याची खुर्ची क्लफला मिळाली. हे खेळाडू आडदांडपणाने आणि लबाडीने जिंकतात, असे क्लफ पूर्वी जाहीरपणे म्हणत आला होता. आता तेच खेळाडू त्याच्या हाताखाली होते. तुम्ही मिळविलेली पदके कचऱ्यात टाका, कारण ती सचोटीने मिळविलेली नाहीत, असे त्याने त्यांना सुनावल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. कोरायोलेनस रोमच्या नागरिकांशी याहून कठोर बोलला नसेल. त्यानंतर लीगच्या सहा सामन्यांत एकच विजय मिळावा, यात नवल ते काय?

या अपयशाचे चित्र पीस यांनी विलक्षण ताकदीने काढले आहे. स्टँडखालचे अंधारे बोळ, बंद दारांमागची कुजबुज, दारू आणि सिगारेट यांचा दरवळ, आणि सर्वत्र जाणवणारी रेव्हीची सावली! क्लफ रेव्हीचे टेबल कुऱ्हाडीने फोडतो, हा प्रसंग तर भुताटकीच्या कथेत शोभावा असा आहे. मंत्र कामाला येत नाही तेव्हा मांत्रिक लाकूड तोडतो. क्लफचा सोबती पीटर टेलर याच्या अनुपस्थितीचा उपयोगही लेखकाने मार्मिकपणे केला आहे. खेळाडू पारखण्याची नजर टेलरची आणि त्या खेळाडूंत जीव ओतणारी वाणी क्लफची, अशी ही जोडी होती. हार्टलपूल्स आणि डर्बी येथे ते बरोबर होते. लीड्सला टेलर गेला नाही, ब्रायटनलाच राहिला. त्यामुळे लीड्सच्या प्रकरणांत क्लफ सारखा बोलत असतो आणि ऐकणारा कोणी नसतो. वाक्ये तुटक, पुनरुक्ती पदोपदी, शिवीगाळ भरपूर. सोज्ज्वळ कानांना ही भाषा झोंबेल. पण भयाने ग्रासलेल्या गर्विष्ठ माणसाची भाषा अशीच असणार. गर्वाच्या पोटात भय असते, हे सत्य इतक्या प्रत्यक्षपणे दाखविणारी कादंबरी आमच्या वाचनात फारशी आलेली नाही.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष रेव्हीच्या चित्रणाचा आहे. कादंबरीत रेव्ही म्हणजे द्वेषाचा विषय, एक सावली. त्याला स्वतःचे अंतरंग नाही. सगळे निवेदन क्लफच्या तोंडी असल्यामुळे हे अपरिहार्य आहे, असा बचाव कोणी करील. तो पुरेसा नाही. रेव्हीची हकिगत पाहावी. तोही मिडल्सब्रोचाच, क्लफहून आठ वर्षांनी वडील. तोही नाणावलेला खेळाडू. १९५५ साली इंग्लंडातील वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचा गौरव झाला होता. १९६१ त त्याने लीड्सची सूत्रे हाती घेतली तेव्हा लीड्स दुसऱ्या श्रेणीत धडपडत होता आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या श्रेणीत जाता जाता वाचला. म्हणजे एकाच गावचे दोन पुत्र, दोघेही खेळ संपता संपता पडत्या क्लबांत गेले, दोघांनीही ते क्लब शिखरावर नेले. यांचे वैर परक्यांचे नसून सख्ख्यांचे आहे. आमच्या भाषेत याला ‘भाऊबंदकी’ असा नेमका शब्द आहे, आणि भाऊबंदकीत सर्वांत अधिक झोंबते ते प्रतिपक्षाचे आपल्याशी असलेले साम्य. क्लफ ज्या खुर्चीवर कुऱ्हाड उगारतो तीत त्याचेच प्रतिबिंब बसलेले आहे, हे वाचकाला एकदा तरी स्वच्छ दिसावयास हवे होते. नायकाला न दिसणारी गोष्ट वाचकाला दाखविणे हे प्रथमपुरुषी निवेदनातही शक्य असते. किंबहुना त्या पद्धतीची खरी कसोटी तीच. येथे लेखक नायकाच्या द्वेषात स्वतःच वाहून गेला आहे.

दुसरा दोष आम्ही अधिक गंभीर मानतो. हार्टलपूल्सच्या भागाला कादंबरीने जी जागा दिली आहे, ती डर्बी आणि लीड्स यांच्या मानाने फार थोडी आहे. आणि जी दिली आहे तीतही भर मुख्यतः चेअरमनशी झालेल्या भांडणावर आहे. वस्तुतः क्लफ या मनुष्याची किल्ली त्या लहानशा बंदराच्या गावी आहे. त्या काळी लीगच्या तळाशी राहिलेल्या चार क्लबांना पुढील वर्षी प्रवेश मिळावा म्हणून इतर क्लबांकडे मते मागावी लागत, आणि हार्टलपूल्सवर अशी याचना करण्याची पाळी वारंवार आली होती. क्लबाच्या तिजोरीत खडखडाट. क्लफ गावातील पबांतून फिरून पैसे गोळा करी. परगावच्या सामन्यांना संघाची बस आपणच हाकावी म्हणून त्याने परवान्यासाठी अर्ज केला. चेअरमनने आधी टेलरला आणि मग त्यालाही काढू पाहिले. डायरेक्टरांनी उलट चेअरमनलाच बाजूला केले. पहिल्या हंगामाच्या अखेरीस क्लबाचा क्रमांक अठरावा होता, दुसऱ्याच्या अखेरीस आठवा. आकडे क्षुल्लक दिसतात. पण याचकाच्या रांगेतून उठून स्वतःच्या पायांवर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी एखादी बुडती संस्था चालविली आहे त्यांना समजेल.

क्लफ तीन पडत्या क्लबांत यशस्वी झाला आणि एकाच संपन्न क्लबात फसला. हार्टलपूल्स, डर्बी, आणि लीड्सनंतर जानेवारी १९७५ मध्ये हाती घेतलेला नॉटिंगहॅम फॉरेस्ट हे ते तीन क्लब. फॉरेस्टही दुसऱ्या श्रेणीतच होता. १९७७ त तो वर चढला, १९७८ त लीग जिंकला आणि १९७९ व १९८० या लागोपाठच्या वर्षी युरोपियन चषकाचा मानकरी ठरला. मग लीड्समध्ये काय बिघडले? कादंबरी उत्तर देते: गर्व, मद्य, द्वेष, टेलरचा अभाव. ही कारणे खोटी नाहीत. परंतु गर्विष्ठ तर तो डर्बीतही होता, आणि फॉरेस्टमध्ये पहिले दीड वर्ष टेलर नव्हता. आमच्या मते खरे कारण निराळे आहे. एकोणतिसाव्या वर्षी ज्याचा खेळ तुटतो, त्याच्याजवळ खर्च न झालेली महत्त्वाकांक्षा उरलेली असते. वयोमानाने थकून निवृत्त होणाऱ्याला ही शिल्लक राहत नाही. अशा माणसाला ती ओतण्यासाठी रिकामे भांडे लागते, आणि पडता क्लब हे असे भांडे आहे. तेथील खेळाडूंना कोणी मोजीत नाही. त्यांना मॅनेजरचा शब्द हीच पहिली किंमत असते. लीड्सचे खेळाडू भरलेली भांडी होती. त्यांना क्लफ काय देणार? पदके त्यांच्याजवळ त्याच्याहून अधिक होती. देण्यासारखे काही नाही असे पाहून त्याने हिरावून घेण्याची भाषा केली.

या म्हणण्याला एका खेळाडूच्या चरित्रातून बळकटी मिळते. जॉन मॅकगव्हर्न हा सोळा वर्षांचा मुलगा क्लफला हार्टलपूल्समध्ये सापडला. त्याला तो डर्बीला घेऊन गेला, लीड्सलाही घेऊन गेला, आणि शेवटी फॉरेस्टला. १९७९ आणि १९८० या दोन्ही वर्षी युरोपियन चषक हाती घेणारा फॉरेस्टचा कप्तान तो हाच. मध्ये लीड्सच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली होती. तळाच्या क्लबातील एक पोरगा चौदा वर्षांत युरोपच्या शिखरावर उभा राहतो, आणि त्याला तेथवर नेणारा माणूस स्वतः मोडक्या गुडघ्याचा असतो, याहून अधिक काव्यमय वस्तू कादंबरीकाराला कोणती हवी? पीस यांनी या वस्तूकडे पाठ फिरविली असे नाही. पण त्यांना पडझडीचा मोह अधिक झाला. शोकात्मिका लिहिण्याची ऐपत असलेला लेखक कित्येकदा शोकाचेच भांडवल करतो, त्यातला हा प्रकार.

येथे एका वादाचा निर्देश केला पाहिजे, कारण त्यात केवळ कलेचा प्रश्न नाही. क्लफ २० सप्टेंबर २००४ रोजी वारला आणि कादंबरी दोनच वर्षांनी आली. त्याच्या कुटुंबीयांना तिने दुखविले. लीड्सचे एक प्रमुख खेळाडू जॉनी गाइल्स यांनी आपल्या चित्रणाविरुद्ध कोर्टाची पायरी चढली, आणि त्यांच्याविषयीचा काही मजकूर पुढील आवृत्तीतून काढावा लागला. लेखकाने आपल्या पुस्तकास ‘एक इंग्लिश परीकथा’ असे उपनाम दिले आहे. पण परीकथेतील राक्षसाला खरे नाव, खरे गाव आणि हयात नातेवाईक असत नाहीत.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. रणजित देसाई यांची ‘स्वामी’, ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ या कादंबऱ्यांतून आम्ही ऐतिहासिक पुरुषांच्या मनात शिरण्याची सवय लावून घेतली आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजया’त तर कर्ण स्वतःच बोलतो. माधवराव किंवा बाजीराव यांच्या तोंडी घातलेली वाक्ये कित्येक वाचकांनी इतिहास म्हणून पाठ केली. मग पीस यांनाच का अडवावे? आमचे उत्तर असे. मृत पुरुषाच्या मनात प्रवेश करण्याचा कादंबरीकाराचा अधिकार आम्ही मान्य करतो. तो नाकारला तर अर्धे वाङ्मय जाळावे लागेल. परंतु हा अधिकार कर्जासारखा आहे. लेखक नायकाचे नाव उसने घेतो, त्या नावाभोवतीची लोकांची उत्सुकता उसनी घेतो. त्याची फेड म्हणून त्याने नायकाच्या आयुष्यातील निश्चित कर्तृत्व पुरेपूर मांडले पाहिजे. दोनशे वर्षांनी दूर असलेल्या पेशव्याच्या बाबतीत इतर इतिहासग्रंथ ही तूट भरून काढतात. काल वारलेल्या माणसाच्या बाबतीत कादंबरीच लोकांच्या मनातील शेवटचे चित्र होऊन बसते. क्लफचे भय, द्वेष आणि मद्यपान यांवर कल्पनेचा एवढा खर्च केल्यावर हार्टलपूल्सच्या कर्तृत्वावर दोन प्रकरणे अधिक खर्च करणे हे लेखकाचे केवळ कलात्मक नव्हे, नैतिकही देणे होते. ते त्याने पुरते चुकविलेले नाही.

कादंबरीवर २००९ साली टॉम हूपर यांनी काढलेल्या चित्रपटात मायकेल शीन यांनी क्लफची भूमिका केली. त्यात हा काळोख बराच निवळला आहे आणि क्लफ व टेलर यांच्या मैत्रीची हृद्य कथा पुढे आली आहे. कुटुंबीयांच्या दुःखावर तो उतारा असेल. कलेच्या दृष्टीने मात्र चित्रपटाने विष काढताना औषधही काढून टाकले, असे आमचे मत आहे.

पीस यांना स्वतःलाही आपल्या पहिल्या पुस्तकाचे एकांगीपण जाणवले असावे, अशी शंका ‘रेड ऑर डेड’ वाचताना येते. तिचा नायक बिल शँक्ली. स्कॉटलंडातील खाणकामगारांच्या ग्लेनबक या खेड्यात १९१३ साली तो जन्मला, प्रेस्टन नॉर्थ एंडकडून खेळून १९३८ चा एफ. ए. चषक त्याने मिळविला, आणि डिसेंबर १९५९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत रखडलेल्या लिव्हरपूलचा तो मॅनेजर झाला. १९६२ त क्लब वर आला. त्यानंतर १९६४, १९६६ व १९७३ ही तीन विजेतेपदे. ही कादंबरी सातशेहून अधिक पानांची आहे आणि तिच्यात घडते ते तेच तेच: सराव, प्रवास, सामना, गोल, प्रेक्षकांची संख्या, आणि पुन्हा सराव. नायक घरी भांडी घासतो तेही सांगितले आहे, आणि अनेकदा सांगितले आहे. क्लफच्या कादंबरीत पुनरुक्ती ही वेडाची खूण होती. येथे ती व्रताची खूण आहे. पंढरीच्या वाटेवर तेच अभंग रोज म्हणणाऱ्या वारकऱ्याला कंटाळा कसा येत नाही, हे ज्याला कळते त्याला या पुस्तकाची रीत कळेल. तथापि वाचक हा काही वारकरी नव्हे. शेकडो सामन्यांचे निकाल वाचताना त्याची शक्ती संपते, आणि लेखकाने ती संपवावयास नको होती.

तरीही मॅनेजरचे काम म्हणजे काय, ते या दुसऱ्या पुस्तकातच समजते. पडता क्लब एका भाषणाने उठत नाही. मैदानावरचे गवत, खेळाडूंचे जेवण, बुटांच्या खोलीत सोबत्यांशी रोज होणारी चर्चा, अशा हजार लहान गोष्टी हजार वेळा कराव्या लागतात. आणि उत्तरार्धात, १९७४ च्या जुलैत शँक्लीने निवृत्ती घेतल्यावर, जे पोरकेपण येते ते क्लफच्या गुडघ्याइतकेच दुःखद आहे. याचा गुडघा मोडलेला नाही. याने आपण होऊन हात काढून घेतला आहे, आणि आता त्या हाताला काम नाही. एकाच पुरुषाला दोन निवृत्ती भोगाव्या लागल्या, प्रथम खेळाडू म्हणून आणि मग मॅनेजर म्हणून. त्यांतली दुसरी अधिक कठीण, हे पीस यांनी येथे फार समंजसपणे दाखविले आहे.

दोन्ही कादंबऱ्या एका ठिकाणी प्रत्यक्ष भेटतात. १० ऑगस्ट १९७४ रोजी वेम्ब्ली येथे चॅरिटी शील्डच्या सामन्यासाठी लिव्हरपूल आणि लीड्स हे संघ मैदानात आले. निवृत्त झालेला शँक्ली लिव्हरपूलच्या अग्रभागी शेवटचा चालत होता; लीड्सच्या अग्रभागी होता क्लफ, नुकताच आलेला. एक आपले काम पुरे करून निघाला होता, दुसरा नको त्या घरात शिरला होता. सामन्यात दोन खेळाडू मारामारी करून बाहेर काढले गेले, हा त्या दिवसाचा गाजलेला भाग. पण वाङ्मयाच्या वाचकाला खरा प्रसंग सामना सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेला दिसेल.

समारोपादाखल आमचा अभिप्राय थोडक्यात सांगतो. ‘द डॅम्ड युनायटेड’ ही दोहोंतली श्रेष्ठ कादंबरी आणि ‘रेड ऑर डेड’ ही अधिक न्यायी. पहिलीत मॅनेजरची जखम आहे, दुसरीत त्याचे काम. पहिलीची भाषा वाचकाला ओढून नेते. दुसरीची भाषा वाचकाकडून श्रम मागते आणि त्या श्रमाचे मोल कधी देते, कधी बुडविते. ज्याच्यापाशी एकच वाचण्याइतका वेळ असेल त्याने पहिली वाचावी. परंतु ती मिटल्यावर कादंबरीने ज्याला घाईने ओलांडले त्या हार्टलपूल्सच्या मोडकळीस आलेल्या मैदानाची आठवण ठेवावी. भासाचा दुर्योधन मांडीवर बसू पाहणाऱ्या लहानग्या मुलाला जवळ घेऊ शकत नाही, कारण मांडीच उरलेली नाही; त्या क्षणी तो वैर सोडतो आणि मोठा होतो. पीस यांचा क्लफ वैर सोडीत नाही, म्हणून तो आमच्या मनात भयंकर म्हणून राहतो. इतिहासातील क्लफने मात्र मोडक्या गुडघ्यानिशी दुसऱ्यांच्या पोरांना उभे केले. त्या क्लफची कादंबरी अजून कोणी लिहावयाची राहिली आहे.